सतरा गाठींचा डोंगर

३ डिसेंबर १९५७, श्रीवर्धन

काल बोर्ली पंचतनची सभा. आवाज पार बसला. सौ.ने हळद-दूध दिलं आणि वर ताकीद, "चार दिवस तोंड बंद." ते शक्य नाही, म्हणून लिहितो.

बाजाराचा दिवस. माणसं टोपल्या खाली ठेवून तशीच उभी राहिली. संयुक्त महाराष्ट्र आणि सीमेवरची गावं, दीड तास. शेवटी नेहमीप्रमाणे नकाशा उलगडला, छडी टेकवली आणि म्हटलं, "पुढारी खोटं बोलेल, कागद खोटा करता येईल, पण नकाशा खोटं बोलत नाही! कारण तो पायांनी काढलेला असतो." टाळ्या. मग काळ्या डोंगराची गोष्ट, मी सर्व्हे खात्यात होतो तेव्हाची. मकरानच्या वाळवंटातलं शिखर. पाणी संपत आलेलं. मी चढलो, निशाण रोवलं, डोंगराची अख्खी पश्चिम बाजू फळीवरच्या कागदावर उतरवली. किती सभांत सांगितली असेन. लोक मागून घेतात.

काल मागच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, मंग आमचा म्हादू डोंगऱ्या कंचा डोंगर चढला?" जीवन्याच्या कोळीवाड्यातली चार-सहा माणसं खो खो हसली.

मीही हसलो. आणि पुढचं वाक्य घेतलं.

सकाळपासून ते हसणं कानात आहे. त्यांचं नव्हे. माझं.


५ डिसेंबर

माळ्यावरून पत्र्याची नळी काढली. आत काळ्या डोंगराचा नकाशा. मूळ सर्व्हे खात्याकडे गेला, ही माझ्या हातची दुसरी प्रत. एका कोपऱ्याला कसर लागली आहे.

तिथे हा कागद पापडासारखा वाजायचा. शाई टाकाच्या टोकावरच वाळे. दर दोन रेघांनी टोक जिभेला लावावं लागे. इथे पंचवीस पावसाळे खाऊन तोच कागद धुतल्या फडक्यासारखा मऊ पडला आहे. नाकाशी धरला. वास आपल्या घराचा येतो, सुपारीचा. तिथला काही उरलेला नाही.

काय ते दिवस! मचूळ पाण्याचा चहा, त्यावर उंटाच्या दुधाची साय. पहाटे दगड थंडगार, दुपारी त्यांच्यावर हात ठेववत नसे. वाळूत पावलं टाकायला शिकावं लागलं. महादू म्हणायचा, "भाऊ, भरतीच्या चिखलात चालतो तसं चाला, टाच उचलू नका." समुद्रावर वाढलेल्या माणसाला वाटतं, क्षितिज म्हणजे एक सरळ रेघ. तिथे प्रथम पाहिलं की क्षितिजाला दात असतात.

आता तो मुलूख सरहद्दीपलीकडे. जाईन म्हटलं तरी परवाना कोण देणार? पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही तिथे बंदरावर उतरलो तेव्हा कुणी नाव विचारलं नव्हतं. आमचा एक खलाशी, म्हणजे सामान वाहणारा नि निशाण धरणारा गडी, तापाने पडला होता. धक्क्यावर दुसरा शोधत होतो. एका गलबतावरून आवाज आला, "आरं, दोर सोड ना, हात मोडलं काय?" इतक्या लांब, आपल्या जीवन्याची बोली! मी धावलो. डोलकाठीवर उघडा माणूस बसला होता. महादू. गलबत दुरुस्तीला तीन महिने अडकणार होतं. म्हटलं, "येतोस डोंगरात?" म्हणाला, "डोंगर म्हंजे काय, उभं गलबतच ना?"


९ डिसेंबर

जीवन्याला गेलो. किती वर्षांनी! घरापासून चालत अर्धा तास, आणि मी मात्र जिल्हाभर फिरतो.

महादू ओट्यावर बसून जाळं विणत होता, पण बघत समोर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोटं सुजलेली, सुई तरी चुकत नव्हती.

"कोन?"

"मी. भाऊ."

हात थांबले. "तुमचा आवाज बसलाय. म्हंजे सभा जोरात झाली."

मुलगी रखमा वाळत घातलेले बोंबील उलटत होती. तिने पाणी दिलं, पण दिलं तेही ठेवल्यासारखं. मी विचारलं, हे डोंगऱ्या काय प्रकरण आहे?  रखमाच बोलली. तोंडावर.

"काय प्रकरन? बाबा तिथनं आला तवा सगल्यांना सांगला, मी डोंगर चढला, सुतलीवर मोजला. मंग तुमी टेबलावर उभं राहून सांगलाव, मी चढलो. लोक कोनाचं ऐकतील? बी. ए. झालेल्याचं का म्हाद्याचं? तवापास्नं डोंगऱ्या. माझ्या लग्नात नवऱ्याकडल्यांनी बी इचारला, थापाड्याची पोर का तू?"

"रखमे, पुरं," महादू म्हणाला.

"पुरं काय? पंचवीस वर्सं पुरं, पुरं."

मी उठलो. निघताना महादू म्हणाला, "भाऊ, त्यो नकाशा हाय काय अजून? मी कधी बघलाच न्हाय. आता दिसनार बी न्हाय. पर हात तरी लावीन."


१० डिसेंबर

इथे टाळ्या नाहीत. लिहून टाकतो.

शिखराच्या खाली कडा सरळ उभा होता. मधोमध एक चीर, खांद्याइतकी रुंद. ती चढली की माथा. मी शिरलो. दहा-बारा हात वर गेलो आणि खाली पाहिलं. बस्स. बोटं दगडाला चिकटली. वर जाता येईना, खाली येता येईना. महादूने खालून माझा एकेक पाय धरून खाचेत ठेवला आणि मला उतरवलं. उतरल्यावर मी रडलो. त्याने पाठ फिरवली आणि उगाच पाण्याच्या मशकीचं तोंड तपासत बसला.

दीड दिवसाचं पाणी. परत फिरलो तर पश्चिम बाजू कोरी. आमच्या तुकडीत सांगणं होतं: पायाने पाहिलं ते सलग, ऐकलं ते तुटक. मोजणारा जिथे स्वतः उभा राहिला तिथून दिसणारी रेघ अखंड काढायची. बाकीची तुकड्या तुकड्यांनी, म्हणजे पुढच्याला कळावं की इथे खात्री नाही.

महादू म्हणाला, "मी जातंय."

"जाऊन करणार काय? तुला आकडा लिहिता येत नाही."

"सुतली द्या."

डोलकाठीवर चढावं तसा गेला, अनवाणी, निशाण पाठीला बांधून. किनारा ओळखायची कोळ्यांची रीत त्याने तिथे चालवली. हात ताठ पुढे, बोटं उभी, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत किती बोटं. आमच्या पांढऱ्या तंबूपासून सुरुवात करून उजव्या हाताला वळत गेला. समोर जितकी बोटं भरली तितक्याच बोटांची सुतळी मोजायची आणि शिखर आलं की गाठ. मोठ्या शिखराला दुहेरी गाठ, घळीला फासा. एका ठिकाणी कमरेच्या रुमालाचा लाल धागा. "हितं हिरवं दिसला, भाऊ. खजुरी असंल. पानी असंल."

सतरा गाठी.

खाली येऊन त्याने सुतळी माझ्या फळीवर ठेवली. त्यातली सहा शिखरं मी पूर्वेकडून आधीच मोजली होती. ती सहाही जुळली. तेव्हा अंगावर आलेला काटा आठवतो. मग बाकीचीही घेतली. दिशा सुतळीच्या, अंतरं माझ्या अंदाजाची. लाल धाग्याच्या जागी पाण्याचं निळं टिंब. आणि सगळं सलग रेघेने. वहीत लिहिलं, "स्वतः शिखरावरून पाहिले." खाली माझी सही.

परतताना त्याच सुतळीने मशकीचं तोंड बांधलं. बंदरावर मशक परत केली, सुतळीसकट.


१४ डिसेंबर

हेडमास्तर येऊन गेले. शाळेला पंचवीस वर्षं, तिथे मी भूगोल शिकवतो त्याला वीस. जानेवारीत समारंभ. माझा सत्कार करायचा आहे आणि काळ्या डोंगराचा नकाशा चौकटीत घालून सभागृहात लावायचा. "मुलांना स्फूर्ती मिळेल, भाऊराव."

मी म्हटलं, विचार करतो. हेडमास्तरांना वाटलं, संकोच. "तुमचा हा साधेपणाच..." वगैरे.

ते गेल्यावर सौ. म्हणाली, "संकोच आणि तुम्ही? ताप आहे का?"


१७ डिसेंबर

सौ.ला सांगितलं. सगळं. ती नारळ खवत होती, खवणी थांबली नाही.

"मला वाटलंच होतं," म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. वाडीत सुपारी काढायला शिडी लावली होती, तुम्ही पाचव्या पायरीवर जाऊन गड्याला हाका मारत होतात. तो माणूस कडे चढेल होय!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायचं थांबाल तेव्हा ना."

हसू आलं. पण मग खवणीवरून उठून ती म्हणाली, "माझं जाऊ द्या. त्या रखमाचं लग्न मोडता मोडता राहिलं असेल. त्याचं काय करता ते बघा."


२८ डिसेंबर

मुरूडची सभा करून आज परत. वकील नाना आगरदांड्यापर्यंत पोचवायला आला. सीमाप्रश्नात आम्ही दोघं जोडीने बोलतो, तो कायदा सांगतो, मी नकाशा. धक्क्यावर त्यालाही सांगितलं. नाना दिघीच्या होडीकडे बघत राहिला.

"भाऊ, माणूस म्हणून तुझं बरोबर आहे. पण उद्या विरोधक काय म्हणतील? यांनी एक नकाशा खोटा काढला, मग सीमेचे नकाशे खरे कशावरून? हजारो माणसांचा प्रश्न आहे. एका म्हाताऱ्यासाठी?"

"एका म्हाताऱ्याला खोटं पाडून हजारांचं खरं करायचं?"

"हे टेबलावर छान वाटतं."

"टेबलावर नाही, धक्क्यावर बोलतोय."

होडीत बसलो. खाडीचं पाणी संथ. तांडेलाने दिघीचा काठ पाहून हात पुढे केला, दोन बोटं धरली, सुकाणू जरासं वळवलं. सहज. त्याला मी बघतोय हेही कळलं नाही. मला एकदम तो माथा दिसला. उन्हात एवढासा माणूस, हात ताठ, सावकाश वळतोय. मी खाली सावलीत बसून त्याच्याकडे दुर्बिणीतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, हा पडू नये. तेवढ्या क्षणी मला नाव, नकाशा, नोकरी, काही आठवत नव्हतं. आयुष्यात इतका चांगला मी पुन्हा क्वचितच झालो असेन.

हेडमास्तरांना होकार कळवतो. सत्कारातच सांगणार.


१२ जानेवारी १९५८

झाला समारंभ.

महादूला पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलं होतं. तो रखमाला घेऊन मागे बसला. "पुढं बसून मना काय दिसनार?"

उठलो. काही न सजवता म्हटलं, "हा डोंगर मी चढलो नाही. जीवन्याचा महादू चढला. या नकाशाची पश्चिम बाजू त्याच्या सुतळीची आहे. मी पंचवीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो."

सभागृह गप्प. इथे खाली बसायचं होतं. बसलो असतो तर झालं असतं!

पण ती शांतता मी ओळखतो. ती मला बोलावते. जीभ सुटली. "ज्या हातांनी वल्हं मारलं त्या हातांनी डोंगर मोजला! ज्याला शाळेने अक्षर दिलं नाही त्याने शाळेला नकाशा दिला!" टाळ्या. आणखी. समोरच्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मला कळत होतं की काहीतरी निसटतंय, आणि तरी प्रत्येक वाक्य आधीच्याहून चांगलं येत होतं.

अध्यक्ष गहिवरून उठले. "केवढा हा विनय! आपल्या चाकराला आपलं यश देऊन टाकणारा गुरू आज आपण पाहिला."

हार माझ्या गळ्यात. महादूच्या हातात नारळ.

बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं मन राखलं भाऊंनी." माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं.


१४ जानेवारी

जीवन्याला गेलो. रखमा दारातच. "आता तर लईच झाला. पोरं म्हनतात, डोंगऱ्याला नारल मिलाला थापा मारून."

महादू हसत होता. खरंच हसत होता.

"भाऊ, तुमची जीभ लई गुलगुलीत. तिच्यावं काय बी ठरत न्हाय. खोटा ठेवला तरी घसरतो, खरा ठेवला तरी घसरतो."

मी म्हटलं, घरोघर जाऊन सांगतो. म्हणाला, "म्हंजे अजून बोलनार!"

नकाशा नेला होता. मांडीवर पसरून दिला. त्याने तळहात फिरवला, कडेपासून कडेपर्यंत, माशाला खवल्यांच्या उलट दिशेने हात लावावा तसा. "सपाट हाय," म्हणाला. जरा वेळाने, "माजा डोंगर कुटं?" मी त्याचं बोट धरून शिखरावर ठेवलं. त्याने ते तिथून हलवलं नाही. बराच वेळ. रखमा टोपली घेऊन आत निघून गेली.

मग म्हणाला, "मी सुतली परत बांधतंय."

"पंचवीस वर्षांनी? आठवतं?"

"रोज म्हनतंय. जाल्यावं बसला की म्हनतंय. तंबूपास्नं सात, दुहेरी. मंग चार, एकेरी. मंग पाच, फासा. कोन ऐकत न्हाय तर मीच ऐकतंय."




२ फेब्रुवारी

कोळीवाड्याच्या पाटलाकडे बैठक. महादूने स्वतः मागणी घातली: शिमग्याला होळीच्या माळावर सगळा वाडा जमतो, तिथे सुतळी नकाशावर लावा. जुळली तर डोंगऱ्या म्हणणं बंद. नाही जुळली तर तो स्वतः सगळ्यांपुढे म्हणेल, मी थापाड्या.

पाटील वयाने माझ्याएवढाच, दोन गलबतं बुडवून तिसरं चालवणारा माणूस. त्याने अटी घातल्या. नकाशा आजपासून पाटलाच्या घरी, कुलपात. सुतळी नकाशावर मांडणार तीन तांडेल, मास्तर नव्हेत. आणि माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमी यायचा. पर त्या दिवशी तोंड उघडायचा न्हाय. एक शबुद बोललाव का सुतली बाद."

सगळे हसले. मी मान डोलावली. देशात कुठल्या अधिकाऱ्याने मला भाषणबंदी केली असती तर मी तुरुंगात गेलो असतो. पाटलाची कबूल केली.

नळी पाटलाच्या हवाली. कुलूप माझ्यासमोर लागलं.


११ फेब्रुवारी

महादू बांधायला बसला. रोज शाळा सुटल्यावर जातो, समोर बसतो, बोलत नाही. एक अडचण. "बोटं जाडली, भाऊ. तवाची बोटं बारीक व्हती. सुतली लांब व्हनार." मी म्हटलं, होऊ दे. सगळीच बोटं सारख्या मापाने वाढलीत, प्रमाण तेच राहील. तांडेलांना हे पाटलासमोर समजावलं, त्यांना लगेच पटलं. लहान-मोठ्या हातांचे लोक एकाच खाडीत शिरतात, त्यांना हे काय नवीन?

आज चार गाठी. प्रत्येक गाठीआधी तो आंधळे डोळे मिटतो, हात ताठ करतो आणि ओट्यावर बसल्या बसल्या थोडा उजवीकडे वळतो. समोर बोंबील वाळवायच्या वलांड्या, नि त्यापलीकडे समुद्र. तो बघतोय दुसरंच. मलाही दिसायला लागतं. ती गेरूच्या रंगाची धार, तिच्यामागची काळी, तिच्यामागची धुरकट. पन्नास पावलांवर उंट रवंथ करतोय. वाऱ्याला वास नाही. जगात कुठेच वारा इतका स्वच्छ असत नाही.

सौ. म्हणते, हल्ली तुम्ही घरी आल्यावर गप्प असता, बरं वाटतं.


२४ फेब्रुवारी

वाईट झालं. लिहितो.

आज दहावी गाठ झाली. घरी येताना पुढच्या गाठी मनात म्हणत होतो आणि तेराव्याशी थबकलो.

बाराव्यापासून तेरावं शिखर नऊ बोटं. महादू तेव्हाही नऊच म्हणाला होता, मला स्वच्छ आठवतं. पण नकाशात मी ते नऊवर काढलेलं नाही. शेजारच्या भागाचा नकाशा आमच्या आधी दुसऱ्या तुकडीने काढून छापला होता. दोन नकाशांच्या कडा एकमेकींशी जुळायला हव्यात, तो नियम. माझा डोंगर त्यांच्या कडेशी जुळेना. त्यांचा चुकला असेल हे म्हणायची माझी छाती नव्हती. म्हटलं असतं तर वर कोण चढलं होतं हे विचारलं गेलं असतं. म्हणून तेरावं शिखर तीन बोटं अलीकडे ओढलं. सहावर. रेघ सुबक आली. तुकडीच्या साहेबाने पाठ थोपटली.

हे मी इतकं साफ विसरलो होतो की पाटलाकडे नळी देताना आठवलंही नाही.

म्हणजे महादूने खरी सुतळी बांधली तर ती माळावर जुळणार नाही. आणि तो सगळ्यांपुढे म्हणेल, मी थापाड्या.


२६ फेब्रुवारी

पाटलाला आधी सांगावं? तो म्हणेल, सुतळी चुकणार हे कळलं म्हणून मास्तरांनी पळवाट काढली. माझी जीभ गुळगुळीत.

महादूला सांगावं की सहा बांध? तो बांधेल. माझ्यासाठी नाही, रखमासाठी. आणि सगळं जुळेल. वाडा त्याला खांद्यावर घेईल. आणि त्या सतरा गाठींतली एक माझी असेल.

सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "नकाशा तुमचा आहे, सुतळी त्यांची. तुम्ही आपल्यापुरतं बघा." तिला वाटतं सोपं आहे.


४ मार्च

उद्या शिमगा. माळावर लाकडं रचून झाली. पोरं बोंब मारत फिरताहेत.

महादूकडे गेलो. बारा गाठी झाल्या होत्या. त्याने हात ताठ केला, वळला, सुतळीवर बोटं ठेवायला लागला. सात. आठ.

"नऊ," म्हणाला, आणि गाठीसाठी सुतळी वळवली.

मी ठरवून गेलो होतो की बोलायचं नाही. बहुतेक माझा श्वास बदलला असावा.

"काय झाला, भाऊ? नकाशात काय हाय?"

सांगितलं. सहा आहे. कडेशी जुळवायला मीच ओढलं. तुझं नऊ बरोबर होतं.

रखमा चुलीपाशी होती. भाकरी थापायचा आवाज थांबला.

महादूने सुतळी अंगठ्याखाली चाचपली, सहाव्या बोटाशी, मग नवव्याशी. पुन्हा सहाव्याशी. मला वाटलं आता विचारील, कंची बांधू? 

"तुमाला त्या चिरंत उतरवला ना," तो म्हणाला, "तवा तुमी डोलं मिटलं व्हतं. मी म्हनला, उघडू नका. पाय कुटं ठेवायचा ते मी बघतंय." "आता मना दिसत न्हाय. पर त्यो डोंगर दिसतो. नऊच हाय."

"मग उद्या जुळणार नाही."

"मंग नकाशा चुकला."

आणि तेरावी गाठ बांधली. दुहेरी. दाताने आवळली. आतून भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.


५ मार्च, सकाळ

रात्रीपर्यंत चार गाठी झाल्या असतील. मी थांबलो नाही.

सलग रेघ तुटक करायची तर शाई खरवडावी लागते. आमच्याकडे त्याला बारीक पातं असे, पेन्सिलीएवढं. ट्रंकेच्या तळाशी सापडलं. गंजलेलं, पण मोडलेलं नाही. बाराव्यापासून पुढे कडेपर्यंत सगळं तुटक करायचं म्हटलं तर तासभर लागेल. एवढा वेळ माळावर वाडा मला खरवडू देईल का, आणि त्यांना त्यातून काय कळेल, माहीत नाही. तांडेल नकाशा वाचत नाहीत. पण कुठली खूण कुणी का पुसतो, हे त्यांना कळेल असं वाटतं.

पाटलाने तोंड उघडू नका म्हटलं आहे. हातांचं काही बोलला नाही.

सौ. पाटा धुऊन गेली आहे. पातं त्यावर घासतो आहे. धार येतेय, थोडी थोडी.